पुण्याचा आला की 'पॅशन', मालवणचा असला की 'हेल्पर'?

आयटीतली नोकरी सोडून कुणी स्कूबा गाइड झाला की पेपरात लगेच अर्धं पान. येऊ दे, काही म्हणणं नाही. पण मासेमारी सोडून स्कूबात उतरलेल्या मालवण-तारकर्लीच्या पोरांनीही करिअरच बदललंय ना? त्यांची बातमी कधी येते? कुणी बुडालं की!

मुळात हे काम म्हणजे पर्यटकाचा हात धरून मासे दाखवणं नव्हे, राव. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतलेला माणूस घाबरून, श्वास रोखून सरळ वर निघाला तर ती हवा फुगत जाते, फुप्फुस फाटू शकतं. त्याचे डोळे बघून हे आधीच ओळखतो तो गाइड. पॅडीच्या पद्धतीत ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि मग डाइव्हमास्टर. तोवर निदान ६० डाइव्ह नोंदवलेल्या लागतात. पगारदार माणूस हा खर्च बचतीतून करतो. रापणकराच्या पोराने कुठून करायचा? त्यात पावसाळाभर धंदा बंद.

तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, म्हणजे सरकारचीच. मग मच्छीमारांच्या पोरांना डाइव्हमास्टरपर्यंत फुकट शिकवा! आणि कार्ड नसेल त्याला पर्यटक खाली नेऊ देऊ नका, मग तो गाववाला असो की पुणेकर.

आणि दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांनो, 'दोनशे कमी करा' एवढंच विचारता. गाइडचं कार्ड मागितलंय कधी?