तेंदूच्या हंगामातील खंजिरी

मे महिना उजाडला की चंद्रपूरच्या मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास कानी पडतो : यंदा मुलाला कुठे घालायचे? पोहणे, अबॅकस, कराटे, व्यक्तिमत्त्व विकास अशी यादी तयारच असते. दहावीत जाणाऱ्यांना तर सुटीच उरलेली नाही. नववीचा शेवटचा पेपर दिला की दहावीची शिकवणी सुरू. अशा दिवसांत माझ्या बहिणीने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाची शिकवणी आठ दिवस बुडवून त्याला चिमूर तालुक्यातील एका खेड्यात खंजिरी-भजनाच्या शिबिराला धाडले. घरात कुरबुर झाली, हे सांगायला नकोच. ‘घरी कीबोर्ड वाजवतो ना? तेवढे संगीत पुरे,’ हे मेहुण्यांचे म्हणणे.

या कीबोर्डविषयी थोडे सांगितले पाहिजे. भाचा दोन वर्षे तो वाजवतो आणि बरा वाजवतो. मात्र ताल यंत्रातला. कळ दाबली की तबला सुरू, दुसरी दाबली की ढोलक. यंत्र चुकत नाही, थकत नाही आणि कोणासाठी थांबतही नाही. त्यामुळे दुसऱ्या माणसाबरोबर वाजवणे म्हणजे काय, हे त्या मुलाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

शिबिर गावच्या भजनी मंडळाचे. शाळेच्या दोन खोल्या, अंगणात मांडव, चाळीसेक मुले. उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या वर, म्हणून सारा कार्यक्रम पहाटे आणि सूर्य कलल्यावर. शिकवणारे गुरुजी धानाची शेती करणारे. स्वरलिपी वगैरे त्यांच्या गावी नाही. पहिले दोन दिवस त्यांनी कोणाच्याही हाती वाद्य दिले नाही. नुसत्या टाळ्या. एकाची टाळी पुढे गेली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी खंजिऱ्या निघाल्या. चामडे ओलीने उतरते आणि उन्हात ताठते, म्हणून वाजवण्याआधी ती उन्हाला दाखवण्याचे काम मुलांकडेच.

आमच्या भाच्याचा कान तयार, हात चपळ. तो धावू लागला. गुरुजींनी दोनदा हटकले, तिसऱ्यांदा खंजिरी काढून घेतली आणि त्या संध्याकाळी त्याला शेवटच्या ओळीत रिकाम्या हाताने बसवले. ‘आज फक्त ऐक.’ शहरातल्या वर्गात असे घडते तर पालकांनी फी परत मागितली असती. भाच्याने रात्री कोणाचा तरी फोन मागून घेतला आणि ‘मला न्यायला या’ म्हणून आईला सांगितले. बहीण गेली नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे तिने मला नंतर सांगितले.

भाचा परतल्यावर मी त्याला विचारले, त्या संध्याकाळी ऐकलेस तरी काय? तो म्हणाला, ‘मामा, माझ्याशिवाय ते छान वाजत होतं.’ पंधराव्या वर्षी हे उमजणे सोपे नाही. आपल्यापैकी कित्येकांना पन्नाशीतही उमजत नाही. घोषपथकात आनक किंवा वंशी घेऊन चाललेल्या स्वयंसेवकाला मी काय म्हणतो ते चटकन कळेल.

खंजिरी हे या मातीत साधे वाद्य नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती हाती घेतली आणि विदर्भाची गावेच्या गावे तिच्या ठेक्यावर जागी केली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटून उठले, त्यामागे त्यांच्या भजनांनी केलेली मशागत होती. इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेपर्यंत हीच खंजिरी गेली. याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. अंध गायक-वादक, मूकबधिर नर्तक, कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत एका मंचावर. प्रेक्षक दयाबुद्धीने जाऊन बसतो आणि दहा मिनिटांत ती विसरतो. समूहसंगीताची परंपरा शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

आणि वनवासी बांधवांची परंपरा तर याहून जुनी. माडिया-गोंडांचे गोटूल म्हणजे गावातील तरुण पिढीची शाळाच. गाणे, नाच, ढोल, गावाच्या रीती तिथे एका पिढीकडून दुसरीकडे गेल्या. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने मोडकळीस आलेली ही प्रथा सावरण्यासाठी सागाच्या लाकडांचे गोटूल बांधले, तेव्हा वनखात्याने ते पाडून लाकूड उचलून नेले. आसपासची गावे एकत्र आली, त्यांनीही आपापल्या गावी गोटूल उभारायचे ठरवले आणि खात्याला नमते घ्यावे लागले. याच मेंढ्याला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे वाचकांना माहीत असेल. त्याची सुरुवात तरुणांना एकत्र बसता यावे म्हणून बांधलेल्या एका घरापासून झाली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

ढोल आणि गाणे यांची शक्ती आपल्या कार्यकर्त्यांआधी नक्षलवाद्यांनी ओळखली, हे कटू असले तरी खरे आहे. १९८० च्या सुमारास ते या जंगलात उतरले. त्यांच्या चेतना नाट्य मंचाची पथके गावोगाव गेली, मुलामुलींना गाणी शिकवली, आणि त्यांतल्या अनेकांच्या हाती पुढे बंदूक आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आनंदाची गोष्ट आहे. पण पथक निघून गेले म्हणून गावात ढोल आपोआप परत येत नाही. आज लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंती आहेत आणि पोरे त्यांच्यापुढे नाचतात. वाजवत कोणीच नाही.

येथे मला आपल्याच मंडळींशी थोडे भांडायचे आहे. भाच्याशेजारी बसणारा मुलगा जंगलालगतच्या एका टोल्यावरचा. त्याचा ठेका असा पक्का, की भाचा सांगतो, गुरुजी स्वतः त्याच्याकडे पाहून लय धरत. चौथ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला होता. पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, दुपारी पुडके बांधायचे. या थोड्या दिवसांत घरात जी रोकड येते, तिच्यावर बी-बियाणे आणि पोरांचे कपडे अवलंबून. बापाला दोष कोण देणार?

दोष असलाच तर तो तारखा ठरवणाऱ्यांचा. आपली बहुतेक शिबिरे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरतात, कारण शहरातील मुले तेव्हा मोकळी असतात. जंगलाचे पंचांग वेगळे आहे. मार्च-एप्रिल मोहाचा, मे तेंदूचा, मृग लागला की धानाचे पऱ्हे. ज्याच्या घरी ढोल पिढ्यान्‌पिढ्या आहे तो मुलगा आपल्या शिबिरात येऊ शकत नाही, आणि आपण शहरातल्या मुलांना घेऊन ‘समरसता’ या विषयावर तासभर व्याख्यान ठेवतो! विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीकडे उघडतात. तेंदू आटोपल्यानंतर आणि पेरणीची घाई लागण्यापूर्वी मेअखेरचा आठवडा, फार तर जूनचा पहिला, मोकळा सापडतो. शहरातल्या पालकाची थोडी गैरसोय होईल. होऊ द्यावी.

दुसरे असे, की व्याख्याने कमी करावीत. भाच्याच्या वहीत आठ दिवसांच्या अकरा व्याख्यानांची टिपणे आहेत. त्यांतले एकही त्याला आठवत नाही. मी मुद्दाम विचारून पाहिले.

शिकवणीतला बुडालेला धडा त्याने मित्राच्या वहीवरून उतरवून घेतला. मेहुणे अजून पुरते राजी नाहीत. कीबोर्ड पूर्वीसारखाच वाजतो, पण तालाची कळ बंद असते आणि धाकट्या बहिणीला समोर बसवून टाळी धरायला लावलेली असते. ती सारखी चुकते. तो थांबतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो. त्या टोल्यावरच्या मुलाचा पत्ता त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणला आहे, आणि पुढच्या वर्षी शिबिर केव्हा आहे, हे मंडळाच्या अध्यक्षांना विचारून सांगा म्हणून माझ्यामागे लागला आहे. मी विचारले. तारीख अद्याप ठरलेली नाही.