दुकानाची खतावणी आणि डॉक्टरचा केसपेपर

ताप किती दिवसांचा, भूक कशी आहे, घरात कोणाला क्षय झाला होता काय, असे प्रश्न आपण रुग्णाला सवयीने विचारतो. ‘दुकानात उधारी किती?’ हा प्रश्न मात्र आपल्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेला नाही. परसवाड्याच्या पठारावरून खाली बालाघाटला येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो रक्तदाब मोजण्याइतकाच आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोगाची पहिली चाहूल लागल्यापासून दवाखान्याची पायरी चढेपर्यंत जो काळ जातो, त्याचा हिशेब बहुधा किराणा दुकानाच्या वहीत सापडतो.

या प्रदेशाची थोडी ओळख करून देणे इष्ट ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालाघाटचा वरचा भाग म्हणजे जवळजवळ निबिड अरण्यच होते. परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविणाऱ्या लछमन नायक या गृहस्थाचे नाव जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा निर्माण झाला. कर्नल ब्लूमफील्ड या अधिकाऱ्याने वैनगंगेच्या खोऱ्यातील पवार शेतकऱ्यांना वर बैहर भागात वस्ती करण्यास उत्तेजन दिले. गोंड आणि बैगा तेथे आधीपासून होतेच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा एका राज्यात गेला आणि बालाघाट दुसऱ्या राज्यात राहिला. तरी बाजाराचे नाते गोंदियाशी टिकून राहिले, कारण बाजार राज्याच्या सीमा फारशा मानीत नाही.

रेल्वेपूर्वी या मुलखात मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई आणि धान्य त्याच पाठींवरून बाहेर जाई. १८८८ ते १९०३ या काळात मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. वाहतुकीचा खर्च आणि वाटेतल्या प्रत्येकाचा नफा त्यावर चढल्यानंतर पठारावरील माणसाला चिमूटभर मीठ काय भावाने पडत असेल, याची कल्पना करावी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज गाडी धावू लागली, मालाची ने-आण सुलभ झाली आणि हंगामापुरत्या येणाऱ्या व्यापाऱ्याची जागा गावात ठाण मांडून बसणाऱ्या दुकानदाराने घेतली.

हा दुकानदार केवळ विक्रेता नव्हता, ही गोष्ट शहरात वाढलेल्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी. तो विकतो त्याहून त्याची खरेदी अधिक अभ्यसनीय आहे. चैत्रात मोहाची फुले, मग चारोळी, पावसाळ्यापूर्वी मोहाच्या बिया, पुढे हिरडा, लाख, मध, डिंक आणि भात, कोदो, कुटकी असे सारे काही त्याच्या ओट्यावर येऊन पडे आणि बदल्यात मीठ, तंबाखू, तेल, लुगडे, लोखंडी फाळ जाई. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार, खतावणीत माणसाचे खाते; एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे. चैत्रात स्वस्तात दिलेली मोहफुले तीच माणसे श्रावण-भाद्रपदात, घरातले धान्य संपल्यावर, चढ्या दराने उधारीवर परत नेत. धान्याची उसनवार असेल तर सवाई किंवा दिढी, म्हणजे पायलीला सव्वा अथवा दीड पायली. नगद पैसा या व्यवहारात क्वचितच दिसे. आणि ज्याच्याकडे उधारी, त्यालाच माल घालण्याचे बंधन! कागदावर न लिहिलेली ही अट साऱ्या वहीवर राज्य करी. १९३४ च्या मध्यप्रांतातील सावकारी कायद्याने कर्ज देणाऱ्यास नीट हिशेब ठेवणे आणि ऋणकोस दरवर्षी लेखी विवरण देणे बंधनकारक केले. पण ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्या हाती विवरण दिले काय आणि कोरा कागद दिला काय!

दुकानदाराला खलपुरुष ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. पावसाळ्यात नाले भरून वाटा बंद झाल्या की बँक, सोसायटी आणि सरकारी दवाखाना ही तिन्ही दूर राहत. रात्री दोन वाजता दार ठोठावले असता उघडत असे ते दुकानदाराचेच. प्रसूतीसाठी गाडी करायला पैसे त्यानेच दिलेले असत, आणि ते त्याने नावे टाकलेलेही असत. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

असाच दुकानदार एके काळी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेथील ग्रामीण दुकानदार बॉस्टन किंवा फिलाडेल्फियाहून मीठ, चहा, कापड, खिळे, काकवी आणि औषधांच्या बाटल्या उधारीवर आणी, शेतकऱ्याला उधारीवरच देई आणि वसुलीदाखल लोणी, जवस, लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार, मेण असा माल घेई. रमची विक्री तर विचारूच नये. बेंजामिन रश या नामवंत वैद्याने मद्याच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली ती याच सुमारास. तेथील इतिहासकारांनी या दुकानदारांच्या वह्या जपल्या आणि त्यांतून सामान्य माणूस काय खात होता, काय पीत होता, हे शोधून काढले. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती मेन प्रांतातील मार्था बॅलर्ड या सुईणीची रोजनिशी. १७८५ ते १८१२ पर्यंत तिने ती लिहिली. तिने ८१६ बाळंतपणे केली आणि मोबदला म्हणून कोणी काय दिले, याचीही नोंद ठेवली. लॉरेल थॅचर अल्रिच यांनी या रोजनिशीवर लिहिलेल्या पुस्तकाला १९९१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच्या अभ्यासकांना ती रोजनिशी क्षुल्लक नोंदींचा ढीग वाटली होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आपल्या ओट्याकडे वळू. आयोडीनयुक्त मिठाचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम, १९९७ मध्ये साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवर आलेली बंदी, २००० मध्ये ती उठणे आणि २००६ मध्ये पुन्हा लागू होणे. हे सारे दिल्लीत घडले. ग्राहकाच्या हाती मीठ पडताना त्यात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे, असे नियम सांगतो. पण दाराशी उघड्या पोत्यात, पावसाळी ओलीत महिनोन्‌महिने पडलेल्या मिठात त्यातले किती उरते, हे तो दुकानदार पोते कोठे ठेवतो यावर अवलंबून आहे. गलगंडाचे सर्वेक्षण आपण माणसांच्या मानेवर हात ठेवून करतो. तो हात एकदा त्या पोत्यातही घालावा.

गोळ्यांचेही तेच. औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टानुसार एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, खोकल्याच्या गोळ्या, मलमे यांसारखी घरगुती औषधे परवान्याविना विकता येतात. मूळ वेष्टण मात्र फोडलेले नसावे. म्हणजे कायद्यानेच दुकानदाराला पहिल्या पायरीचा औषधविक्रेता मानले आहे. आपण मात्र त्याला ‘झोलाछाप’ डॉक्टरांच्याच रांगेत बसवून त्याच्याशी बोलणे टाळतो. बालाघाटचा वनप्रदेश मलेरियासाठी पिढ्यान्‌पिढ्या कुप्रसिद्ध आहे. तेथे तापाची पहिली गोळी जो देतो, त्याला ‘थंडी वाजून ताप आला असेल तर आधी रक्त तपासून घ्या’ एवढे एक वाक्य शिकविणे अवघड नाही. हे काम आपल्या मंडळाने कधी हाती घेतले नाही, ही तक्रार मी येथे नोंदवितो.

गुटख्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली आणि देशात पहिला मान मिळविला. त्यानंतर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, अशी जोडी दुकानाच्या दाराशी लटकू लागली. ग्राहक तळहातावर दोन्ही एकत्र करतो. तोंड न उघडणारे तरुण आपल्याकडे येतात तेव्हा पुड्या दिवसाला किती, हे ते क्वचितच खरे सांगतात. उधारीच्या वहीत तो आकडा अचूक असतो.

काळ बदलला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाने १९६४ च्या कायद्याने आपल्या हाती घेतला. रास्तभाव दुकानातून धान्य मिळू लागले, रस्ते झाले, आणि मोबाइलवरून पैसे देण्याचे चौकटीदार चिन्ह आता खेड्यातल्या काउंटरवरही चिकटलेले दिसते. उधारी संपलेली नाही. तिचे लिखाण मात्र वहीतून निघून जात आहे. लाल कापडी बांधणीच्या जुन्या चोपड्या घरे पाडताना, दुकाने वाटून घेताना रद्दीत जात आहेत. त्यांच्यात पठारावरच्या माणसाच्या शंभर वर्षांच्या आहाराची आणि व्यसनांची जी नोंद आहे, ती कोणत्याही आरोग्य केंद्राच्या दप्तरात मिळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बालाघाट, बैहर, परसवाडा, लामटा या भागांतील ज्या कुटुंबांकडे जुन्या रोजकीर्दी व खतावण्या असतील, त्यांच्याशी आपल्या सभासदांनी बोलावे. त्या मागू नयेत. घरमालकाच्या समोर छायाचित्रे घ्यावीत. वहीत माणसांची नावे आणि त्यांची कर्जे आहेत, त्यांचे नातवंडे आज आपल्याच शेजारी राहतात. तेव्हा रुग्णाच्या कागदपत्रांना आपण जी गोपनीयता पाळतो, तीच येथे पाळावी आणि अभ्यासात नावाऐवजी क्रमांक घालावा. कित्येक चोपड्या महाजनी लिपीत असतील, काही मोडीत. या दोन्ही लिप्या वाचणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत आणि त्यांपैकी काही आपल्याच बाह्यरुग्ण विभागात मोतीबिंदूची तारीख घ्यायला येतात. त्यांची नावे व पत्ते सभासदांनी या पावसाळ्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांकडे कळवावेत.