रुळांखालची जमीन कोणाची?

१८६० साली लोहमार्ग सोलापुरात आला आणि १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. जिल्ह्याच्या उत्तरेस अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली व १९११ साली लातूरला पोचली. १९५४ साली ती सरकारच्या मालकीची झाली. २००७-०८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रुंदीकरण झाले, धाराशिव शहर जोडण्यासाठी आखणीही बदलली आणि जुन्या मार्गाचे पट्टे मोकळे पडले. लातूरच्या पत्त्यांत आजही ‘जुनी रेल्वे लाइन’ हे शब्द येतात. रूळ गेले, जमीन राहिली.

अशा जमिनींवर घरे, दुकाने, उद्योग आणि उद्याने एकत्र असलेल्या ‘हरित’ वसाहती उभाराव्यात, हा विचार आता रूढ होत आहे. तो त्याज्य नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या सोलापुरात झाडाची सावली ही चैन नव्हे. परंतु शेजारी उद्यान आले की जमिनीचे मोल चढते, मोलामागून भाडे चढते आणि विडी वळणारी स्त्री व यंत्रमाग चालविणारा कामगार तेथून बाहेर फेकला जातो. सावली कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

यावर रेल्वेचे उत्तर ठरलेले आहे : उत्पन्न हवे. त्यासाठीच २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल भूमी विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. जमीन विकली जात नाही, केवळ भाडेपट्ट्याने दिली जाते, असेही सांगण्यात येते. पण नव्याण्णव वर्षांचा पट्टा म्हणजे चार पिढ्यांचा करार होय. आरंभी एकरकमी पैसा घेऊन पुढील शतकाची मूल्यवृद्धी खाजगी हाती सोपविणे, याला उत्पन्न म्हणत नाहीत. ते भांडवल खाऊन टाकणे आहे. ही मूल्यवृद्धी बांधकाम व्यावसायिकाच्या श्रमातून आलेली नसते. रस्ते, पाणी, बाजारपेठ आणि भोवतालच्या माणसांचे कष्ट यांनी ती घडविलेली असते.

मुंबईच्या गिरण्यांचा धडा विसरता येणार नाही. १९९१ च्या नियमानुसार पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा सुमारे एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना व सार्वजनिक घरांना मिळावयाचा होता. २००१ साली ही वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती मर्यादित करण्यात आली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एका व्याख्येच्या बदलाने कामगारांचा व शहराचा हक्क आक्रसला.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. व्हिएन्नातील नॉर्डबानहोफ या सुमारे ८५ हेक्टरांच्या जुन्या रेल्वे आवारात नवी वस्ती उभी राहिली आणि मधला मोठा भाग मुद्दाम मोकळा, रानवट ठेवला गेला. त्याच नगरीने २०१८ साली असे ठरविले की, निवासासाठी नव्याने खुल्या होणाऱ्या मोठ्या जमिनींवर दोन-तृतीयांश घरे अनुदानित असावीत.

सोलापूरच्या कष्टकऱ्यांना संघटनेचे बळ ठाऊक आहे. विडी कामगारांनी दीर्घ लढ्यानंतर कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ साली ती घरे हाती आली. हा मोठा विजय होता. पण ती जागा शहराबाहेर आहे. कामगाराने घरासाठी शहर सोडावे आणि शहरातली सार्वजनिक जमीन धनिकांसाठी राखावी, हा न्याय कोणता?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जुन्या रेल्वे जमिनींची गावनिहाय यादी जाहीर व्हावी. मालकी सार्वजनिक राहावी; पट्टे अल्पमुदतीचे आणि भाडे ठरावीक काळाने वाढणारे असावे. निम्म्याहून अधिक घरे कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थांना मिळावीत. तेल व कोळशाने दूषित झालेली माती आधी स्वच्छ व्हावी, आणि आज तेथे राहणाऱ्यांचे पुनर्वसन त्याच जागी व्हावे. आराखडा मंजूर झाल्यावर मोर्चा काढणे व्यर्थ असते. तो कागदावर येत असतानाच कार्यकर्त्यांनी त्यातील प्रत्येक व्याख्या वाचली पाहिजे.