अंगणाला फरशी, गटाराला पाणी



मृग तोंडावर आला की आमच्या कॉलनीत पेव्हर ब्लॉकचे ट्रॅक्टर येऊ लागतात. घरात चिखलाचे पाय नकोत, म्हणून कुंपणापासून कुंपणापर्यंत अंगण बंद. आणि त्याच घरात माठावर दुहेरी गळणं! पाणी गाळायचं, जिवाणी जपून परत सोडायची, सुनेने तांब्याभर जास्त सांडलं तर टोकायचं. गच्चीवरचं पाणी मात्र पाइपातून थेट गटारात.

बी.कॉम. केलंय, तर हिशेब मांडते. जळगावात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. झाले 65 हजार लिटर. पहिल्या पावसाचं धुवण आणि सांडलवंड वजा केली तरी 50 हजार, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. धुळ्यात पाऊस याहून कमी, तिथे तर एकेक थेंब मोलाचा.

शोषखड्डा सुचवला की उत्तर ठरलेलं: "खोदलं की पृथ्वीकायाची हिंसा होते." मग दारातली चारशे फुटांची बोअर काय फुलांनी पाडली? फरशीखाली दडपलेल्या मातीतले जीव कोणी मोजले? गरज नसताना केलेल्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. अप्काय गटारात लोटणं त्यात बसत नाही का? महाराजसाहेबांना विचारून पाहा.

शिरपूरचं कौतुक आपण सगळेच करतो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तिथे 2004 पासून नाले रुंद आणि खोल केले, ओळीने बंधारे बांधले, कोरड्या विहिरींना पाणी आलं. ते नाल्यात करायचं, आपल्या दारात नाही, असं कुठे आहे?

करायचं एवढंच. फरशी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेपुरती. बाकी माती, तिथे कढीपत्ता, लिंबू, पारिजातक लावा. उतार घरापासून दूर. आपली काळी माती पाणी लवकर पीत नाही, फुगते आणि भिंतींना तडे देते, म्हणून खड्डा पायापासून दहा-बारा फूट लांब आणि मुरूम लागेपर्यंत खोल. तळाशी दगड, वर खडी-वाळू, तोंडाला जाळी, झाकण घट्ट. खोदकाम उन्हाळ्यातच उरका. पहिला पाऊस आत घेऊ नका.

दुसऱ्याला सांगते आहे, पण आमची फरशी चार वर्षांपूर्वी मीच हट्टाने घातली होती. ह्यांनी तेव्हा नको म्हटलं होतं, ते मी ऐकलं नाही. या आठवड्यात तिन्ही बाजूंची उखडली. ब्लॉक फाटकाशी रचलेत, कोणाला ओट्याच्या पायरीला हवे असतील तर घेऊन जा.