सोमालियाच्या समुद्रातील खरे चाचे
सोमाली चाच्यांच्या नावाने साऱ्या भांडवली वृत्तपत्रांनी गळा काढला. सोमालियाची मासळी लुटणारे परकी ट्रॉलर मात्र त्यांच्या गावीही नाहीत! १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली, किनारा बेवारस झाला आणि युरोप-आशियातील मासेमारी कंपन्यांनी तो समुद्र खरवडून काढला. गरीब कोळ्यांची जाळी फाटली ती याच ट्रॉलरखाली. २००८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने परक्या युद्धनौकांना सोमाली हद्दीत शिरण्याची मुभा दिली, ती चाच्यांविरुद्ध, ट्रॉलरविरुद्ध नव्हे.

आणि देशी सत्ताधारी? टोळीप्रमुखांनी नि प्रांतिक अधिकाऱ्यांनी मासेमारीचे परवाने विकले. पैसा खजिन्याऐवजी खिशात गेला, हे खुद्द राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांनीच नोंदवले आहे. चाच्यांवर नजर ठेवायला नेमलेले सशस्त्र पहारेकरी परक्या ट्रॉलरवर रखवालदारी करीत होते, मालकाकडून पगार घेऊन!