वाशीमचा हिशेब चुकतो कुठे?

दोन मुलींच्या पाठीवर तिसऱ्या खेपेला मुलगाच होणार, असे घरातील वडीलधारी मंडळी मोठ्या विश्वासाने सांगतात. निसर्गाला मात्र मागच्या बाळंतपणांचा हिशेब ठाऊक नसतो. पित्याच्या शुक्रजंतूतून एक्स गुणसूत्र आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. प्रत्येक खेपेला मुलगा होण्याची शक्यता शंभरात सुमारे ५१ आणि मुलगी होण्याची ४९. दोन मुलींनंतरही जवळपास तेवढीच. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही.

एका कुटुंबात सलग तीन मुली होणे हा योगायोग असू शकतो. संपूर्ण जिल्ह्यात मुली घटणे हा योगायोग असू शकत नाही. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. २००१च्या जनगणनेत येथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१८ मुली होत्या. २०११मध्ये ही संख्या ८६३वर आली. दहा वर्षांत ५५ची घसरण! राज्याचा आकडा याच काळात ९१३वरून ८९४वर आला होता. म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित बरा असलेला हा जिल्हा दशकभरात बराच मागे पडला. त्याच विदर्भातील गडचिरोलीत मात्र २०११मध्ये हे प्रमाण ९६१ होते.

निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्माला येतात. वाशीम जिल्ह्यातील या वयोगटातील बालकांची संख्या २०११मध्ये दीड लाखाच्या घरात होती. एवढ्या मोठ्या संख्येत निव्वळ योगायोगाने हे प्रमाण पाच-दहाने खाली-वर होईल. ऐंशीहून अधिक घट संभवत नाही. ढोबळ हिशेब मांडला तर सुमारे सात हजार मुली या गणतीत कमी भरतात.

‘मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही’ या वृत्तीमुळे असे घडते, हा युक्तिवादही टिकत नाही. कुटुंबाने केव्हा थांबायचे ठरवले, तरी प्रत्येक जन्माची शक्यता तीच राहते. मुलींची कुटुंबे मोठी होतात, एकूण प्रमाण बदलत नाही. ते बदलते गर्भातील निवडीमुळे आणि जन्मानंतर मुलीच्या आहार-उपचारांत झालेल्या हेळसांडीमुळे. अपत्ये दोनच हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, असा हट्ट धरला की नशिबावर भिस्त ठेवण्याची तयारी उरत नाही. तेथे सोनोग्राफी यंत्राचा गैरवापर सुरू होतो.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४मध्ये संमत झाला, १९९६पासून लागू झाला आणि २००३मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही वाशीमची मोठी घसरण नेमकी त्या दशकात नोंदली गेली. २०१५मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत राज्यातील जे दहा जिल्हे निवडले गेले, त्यांत वाशीमचा समावेश होता. ही निवड भूषणावह खचितच नव्हती.

सोनोग्राफी केंद्रांची तपासणी काटेकोर झालीच पाहिजे. परंतु यंत्रासमोर गर्भवतीला नेणारे हात घरचेच असतात. वारस मुलगाच आणि म्हातारपणाची काठीही तोच, ही समजूत ढळल्याशिवाय कायद्याला बळ येणार नाही.

२०११नंतरची जनगणना २०२७साठी अधिसूचित झाली आहे. ज्या मुली २०११मध्ये मोजल्या गेल्या, त्यांतील अनेक तोवर विवाहयोग्य वयाच्या झालेल्या असतील. ज्या मोजल्याच गेल्या नाहीत, त्यांची उणीव रिसोड, मालेगावपासून कारंजा, मानोऱ्यापर्यंतच्या उपवर मुलांच्या घरांना तेव्हा जाणवेल. निसर्गाने आपला हिशेब चोख ठेवला होता. तो आपण बिघडवला.