झगमगाट घेतला, नियोजन राहिले

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडचे वलीमे बघता बघता कंपन्यांच्या वार्षिक सोहळ्यांसारखे दिसू लागले आहेत. तीच एलईडीची भिंत, तोच लोखंडी ट्रस, तेच छताकडे झेपावणारे शार्पी दिवे, आणि नवरा-नवरी आत येताना तोच धूर, तीच ठिणग्यांची कारंजी. शाळेचे स्नेहसंमेलन, पतसंस्थेचा वर्धापनदिन, हाजींचा सत्कार, सगळीकडे हाच साचा. यावर आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. जुम्म्याच्या बयानात मौलाना या सगळ्याला इसराफ म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. तरुण म्हणतात, आयुष्यात एकदाच येणारा दिवस आहे, हौस करू द्या.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. कंपन्यांच्या कार्यक्रमांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण आपण त्यांचा झगमगाट तेवढा उचलला आणि तो ज्याच्या आधारावर उभा असतो, ते नियोजन मात्र तिथेच सोडून आलो.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझे काही जुने विद्यार्थी पुण्या-मुंबईत इव्हेंटच्या कामात आहेत. कोणी ट्रस उभारतो, कोणी केबल ओढतो, एक जण दिव्यांच्या कन्सोलवर बसतो. ईदच्या सुट्टीत भेटायला येतात तेव्हा कामाच्या गोष्टी निघतात. त्यांच्याकडून जे ऐकते त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या कंपनीचा चांगला कार्यक्रम दिव्यांपासून सुरू होत नाही. तो एका प्रश्नापासून सुरू होतो: हा कार्यक्रम कशासाठी आहे? कामगारांचा सन्मान करायचा आहे, नवे उत्पादन दाखवायचे आहे, की वर्षभर राबलेल्या लोकांना एक संध्याकाळ मोकळे बसू द्यायचे आहे? उत्तर बदलले की बैठकव्यवस्था बदलते, जेवणाची वेळ बदलते आणि दिवेही बदलतात.

त्यानंतर कागद तयार होतो. सात वाजून दहा मिनिटांनी कोण बोलेल, तेव्हा कोणता माइक चालू असेल, कोणता दिवा लागेल, कोणता विझेल, हे ओळीने लिहिलेले असते. कार्यक्रम सुरू झाल्यावर सूचना एकच माणूस देतो, बाकीचे कानाला हेडफोन लावून ऐकतात. आदल्या दिवशी किंवा सकाळी रंगीत तालीम होते. विजेचा एकूण भार किती, जनरेटर किती क्षमतेचा, बाहेर पडायचे दरवाजे कुठे, हे आधीच ठरते.

आता आपल्याकडे पाहा. पत्रिकेवर सातची वेळ असते आणि नवरदेव साडेनऊला येतो. तोवर म्हातारी माणसे खुर्चीवर पेंगतात, लहान मुले रडून झोपतात. दिव्यांचा ठराव फोनवर होतो: ‘भाई, चाळीस पार लाव, आठ शार्पी लाव, मामाच्या मुलाच्या शादीपेक्षा कमी दिसायला नको.’ उजेड कुठे पडणार, कोणाच्या चेहऱ्यावर, कोणाच्या डोळ्यात, ताटावर की छतावर, हे कोणी विचारत नाही.

खरे तर उजेडाची विद्या फार अवघड नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात नाट्यप्रकाश शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर पुस्तक लिहिले. त्यांची मूळ पद्धत आजही शिकवली जाते. माणसाच्या चेहऱ्यावर समोरून डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन दिवे टाकायचे. दोन्ही साधारण ४५ अंशांत आणि तितकेच उंचीवरून. एक किंचित उबदार, दुसरा किंचित थंड. त्यामुळे चेहरा उठून दिसतो, डोळ्यांखाली काळी सावली पडत नाही, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यात उजेड थेट घुसत नाही.

आपल्या मंचावर बहुतेक वेळा याच्या उलट असते. सगळे दिवे पाठीमागे आणि वर, समोर काहीच नाही. मग फोटोग्राफर स्वतःचा भगभगीत दिवा लावून नवरीच्या डोळ्यांसमोर दोन तास उभा राहतो. जेवणाच्या जागी निळा आणि जांभळा उजेड. त्या उजेडात बिर्याणीचा रंग करडा दिसतो आणि हाडाचा तुकडा ओळखू येत नाही. ज्यांना कमी ऐकू येते ते समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेतात. त्यांच्यासाठी अंधारे टेबल म्हणजे एकांतवासच. मोतीबिंदू झालेल्या आजीला मंचाची पायरी दिसत नाही. जेवणाच्या जागी पिवळसर पांढरा, ३००० केल्विनच्या आसपासचा साधा उजेड, पायऱ्यांच्या कडेला एक पट्टी आणि चेहऱ्यांवर दोन दिशांनी सौम्य प्रकाश, एवढे केले तरी कार्यक्रम सुंदर दिसतो. खर्चही कमी होतो.

एक गोष्ट मला बाई म्हणून अधिक जाणवते. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत महिलांची व्यवस्था वेगळी असते. सगळी सजावट पुरुषांच्या मंडपात आणि मंचावर. पडद्याच्या या बाजूला चार ट्यूबलाइट, त्यातली एक लुकलुकणारी. वॉशरूमकडे जाणाऱ्या बोळात अंधार, बाळाला दूध पाजायला कोपरा नाही, वजूच्या नळाजवळ चिखल. कार्यक्रमाच्या नकाशात निम्मे पाहुणे नसतीलच, तर तो नकाशा चुकीचा आहे. कंपनीच्या नियोजनात पाहुण्यांची यादी करून प्रत्येक गटाची गरज लिहितात. आपण ते केले असते, तर मगरिबची वेळ कार्यक्रमपत्रिकेत आली असती आणि महिलांच्या बोळात एक दिवाही लागला असता.

आता विजेकडे येते, कारण इथे प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, जिवाचा होतो. जुना हॅलोजनचा मोठा पार दिवा १००० वॅटचा असे. असे २० दिवे म्हणजे २० किलोवॅट. आजचा एलईडी पार साधारण १५० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे २० दिव्यांना ३ किलोवॅट. ही बचत मोठी आहे. पण बचत झाली म्हणून आपण दिवे तिप्पट केले, त्यात एलईडीची भिंत, साउंड, धुराचे यंत्र आणि कूलर जोडले. घरातल्या १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार चालतो. त्यावर सगळा मंडप टांगला की वायर गरम होते, इन्सुलेशन वितळते आणि शेजारी कृत्रिम फुलांची झालर व कापडी छत असते. अर्थिंग नसलेला लोखंडी ट्रस, खाली ओली जमीन आणि अनवाणी मुलगा, हे चित्र तर कोणत्याही पावसाळी शादीत दिसेल. ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी हा डबीएवढा स्विच असतो. तो लावला आहे का, हे विचारायला आपल्याला लाज वाटते. एकूण खर्च विचारायला वाटत नाही.

हे उगाच घाबरवणे नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात छतावरच्या रेस्टॉरंटला आग लागली. वाढदिवस साजरा करायला लोक आले होते. १४ जण गेले. अनेकांचा जीव धुराने घुसमटून गेला. इराकमधील निनवे प्रांतात २६ सप्टेंबर २०२३ ला एका ख्रिस्ती जोडप्याच्या लग्नात नवरा-नवरी नाचत असताना हॉलमध्ये फटाक्यांची कारंजी उडवली. छताच्या सजावटीने पेट घेतला आणि शंभराहून अधिक लोक मरण पावले. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटीत एका सॉफ्टवेअर कंपनीचा रौप्यमहोत्सव होता. मालक मंडळींनी पिंजऱ्यातून वरून मंचावर उतरायचे ठरले होते. साखळी तुटली, पिंजरा कोसळला आणि कंपनीचे मुख्य अधिकारी गेले.

म्हणजे कंपन्याही चुकतात. किंबहुना जिथे ‘लोकांना थक्क करायचे’ हा हेतू ‘लोकांना नीट ठेवायचे’ या हेतूच्या पुढे जातो, तिथे कंपनी असो वा मोहल्ला, परिणाम एकच.

डोळ्यांचे आणि मेंदूचे नुकसान आगीसारखे लगेच दिसत नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग टीव्हीवर दाखवला गेला. त्यात लाल-निळा उजेड काही सेकंद झपाट्याने चमकला आणि सुमारे ७०० मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा उजेड काही लोकांना फिट आणू शकतो. आपल्या वरातीतला स्ट्रोब नेमका याच टप्प्यात चमकतो आणि त्याच्या पुढ्यात खांद्यावर बसवलेली दोन वर्षांची पोरे असतात. जास्त शक्तीच्या लेझरने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतील डीजे आणि लेझरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. गणेशोत्सवात जे घातक आहे ते ईदेतही घातकच, अशा आशयाचे मत न्यायालयाने मांडले. याचिका करणाऱ्यांत मुसलमान नागरिक होते, याचा मला आनंद वाटतो. शेजाऱ्याकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेण्याची सवय दोन्हीकडे आहे. त्यांनी ती मोडली.

धर्माचे नाव निघालेच आहे, तर एक-दोन गोष्टी. इसराफची निंदा कुरआनात आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण हदीसमध्ये याहून व्यावहारिक शिकवणही आहे. रात्री झोपताना दिवे विझवण्याची ताकीद आहे आणि कारणही दिले आहे: उंदराने वात ओढून नेली तर घर पेटेल. चौदाशे वर्षांपूर्वीची ही अग्निसुरक्षेची सूचना आहे. दुसरीकडे, मस्जिदीत प्रथम दिवे लावले ते तमीम दारी या सहाबींनी, असे इब्न माजाच्या संग्रहात नोंदले आहे. म्हणजे उजेडाला आपल्या परंपरेत विरोध नाही. लोकांना दिसावे म्हणून लावलेला दिवा ही खिदमत आहे. लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून लावलेल्या दिव्याचा हिशेब वेगळा. बयानात नुसते ‘इसराफ’ म्हणून थांबण्यापेक्षा मौलानांनी हा फरक आणि वायरिंगची काळजी, दोन्ही सांगितले तर तरुण जास्त ऐकतील, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, हौसेच्या दिवशी कसले कागद आणि कसले किलोवॅट? पण कागद केला की हौस वाढते, कमी होत नाही. वेळेवर निकाह झाला तर गप्पांना वेळ मिळतो. आठ शार्पी कमी केले तर त्या पैशात मुलीच्या नावावर काही ठेवता येते, किंवा निदान उधारी टळते. आपल्याकडे किती घरांत शादीचे कर्ज पहिले मूल शाळेत जाईपर्यंत फिटत नाही, हे प्रवेशाच्या वेळी फी मागताना मला दिसते.

आणि ज्या मुलांच्या खांद्यावर हा उजेड उभा राहतो, त्यांचे काय? मंडप, डेकोरेशन, लाइट, जनरेटर या धंद्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. बहुतेक जण दहावीच्या आसपास शाळा सोडून, उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. हात कुशल आहे, पण प्रमाणपत्र नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत. तीस फुटांवर दोरीशिवाय चढणाऱ्या मुलाला आपण ‘धाडसी’ म्हणतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. शाळांनी, जमातींनी आणि शादीखान्यांच्या कमिट्यांनी ठरवले तर हीच मुले परवानाधारक तंत्रज्ञ होतील, पुढे स्वतःच्या कंपन्या काढतील. ज्या धंद्यात आपण मजूर आहोत त्यात आपण जाणकार व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुढच्या कार्यक्रमाचा ठराव करताना लाइटवाल्याला पाच प्रश्न विचारा. एकूण भार किती आणि तो कुठून घेणार? अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का? वर चढणाऱ्या मुलाला सेफ्टी बेल्ट आहे का? बाहेर पडायचे दरवाजे सजावटीने झाकले जाणार नाहीत ना? आणि महिलांच्या बाजूला, जेवणाच्या टेबलांवर व पायऱ्यांवर उजेड कसा असेल? पहिल्यांदा तो तुमच्याकडे आश्चर्याने पाहील. दहा जणांनी विचारले की तो उत्तरे तयार ठेवू लागेल. शादीखान्याच्या कमिटीने हेच पाच प्रश्न बुकिंगच्या पावतीमागे छापले, तर तेही पुरे.